तुम्ही विचारलंत म्हणून: पडता चार्ज रेडिएट करतो का?

फिजिक्स शिकवत असल्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला दरवर्षी येतो, बहुतेक तास संपल्यावर, दारात अडवून. की सर, प्रवेग असलेला चार्ज (विद्युतभार असलेला कण) प्रकाशासारख्या लहरी सोडतो, म्हणजेच रेडिएट करतो, हे लार्मरचं सूत्र, मग वरून सोडलेला इलेक्ट्रॉनही सोडणार, पण आइन्स्टाइन म्हणतो फ्री फॉलमधे गुरुत्व जाणवतच नाही, मग सोडणार कसा? उलट त्याच्या हिशोबाने खरा प्रवेग टेबलावर नुसत्या पडून असलेल्या चार्जला, म्हणजे फुकटची वीजच की!

तर टेबलवाला नाही (त्याच्याशेजारी बसलेल्यासाठी तरी नाही), आणि पडणारा हो, पण लांब स्थिर राहून बघणाऱ्यासाठी. सोबत पडणाऱ्याला काही दिसत नाही.

गोची अशी की फ्री फॉलमधे गुरुत्व जाणवत नाही हे आइन्स्टाइनचं तत्त्व पडणाऱ्या छोट्याशा लिफ्टएवढ्या जागेपुरतं आहे, आणि चार्ज लिफ्टमधे मावला तरी त्याचं फील्ड, म्हणजे त्याच्या विद्युतबलाचा पसारा, मावत नाही. स्थिर चार्जचं साधं, कूलंबचं फील्ड अंतराच्या वर्गाने विरतं, लहरींचं नुसत्या अंतराने, त्यामुळे लहरी वरचढ ठरतात त्या लांब गेल्यावरच, आणि लांब म्हणजे किती तर प्रकाशवेगाचा वर्ग भागिले प्रवेग, पृथ्वीवरचा ९.८ घातला तर जवळपास १ प्रकाशवर्ष! इथे ६४०० किलोमीटर वर गेलं तरी गुरुत्व पाव होतं, प्रकाशवर्षभर एकसारखं कुठून आणणार.

यावर मोठमोठे लोक भांडलेत हं. एकसमान प्रवेगाचा चार्ज रेडिएट करत नाही असं पाउली १९२१ मधे म्हणाला, बोंडी आणि गोल्ड १९५५ मधे म्हणाले करतो.

बाकी मोजायला मात्र जाऊ नका. लार्मरच्या सूत्राने पॉवर येते ५.५ गुणिले १० चा उणे ५२ वा घात वॅट, म्हणजे इलेक्ट्रॉन १३८० कोटी वर्षं असाच पडत राहिला तरी दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनएवढी ऊर्जा जमत नाही, त्याच्या आसपासही नाही. मुळात इलेक्ट्रॉन नीट पडताना बघणंच अवघड. १९६७ मधे विटेबोर्न आणि फेअरबँक यांनी तांब्याच्या उभ्या नळीत बघितलं तर त्याच्यावरचं खालचं बल जवळजवळ शून्यच सापडलं, आणि त्याचं कारण असं दिलं गेलं की तांब्यातले इलेक्ट्रॉनच स्वतःच्या वजनाने जरासे खाली बसतात, त्यातून एक अगदी बारीक फील्ड तयार होतं, आणि ते नळीतल्या इलेक्ट्रॉनचं वजन बरोब्बर पेलून धरतं.