झोप, घबराट आणि कानाला लावायच्या क्लिपा: माझा अनुभव

सीईएस, म्हणजे क्रेनियल इलेक्ट्रोथेरपी स्टिम्युलेशन, कानाच्या पाळ्यांना क्लिपा लावून छोट्या यंत्राने डोक्याला अगदी हलका करंट द्यायची ट्रीटमेंट. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते इथे न्यू जर्सीत, माझी औषधं बघणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरकडून (प्रिस्क्रिप्शन लिहू शकणारी नर्स). त्याआधी कित्येक महिने माझं रात्रीचं गणित बिघडलेलं होतं. कंपनीत ले-ऑफ सुरू झाले, व्हिसाचं टेन्शन डोक्यावर, आणि मग पहाटे तीनला खाडकन जाग, छातीत धडधड, हातापायाला घाम आणि एकदा का जाग आली की सकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही. दिवसा मीटिंगमध्ये साधं आपलं नाव कोणी घेतलं तरी पोटात गोळा यायचा.

गोळी चालू होती आणि तिचा उपयोगही होता, पण सकाळी डोकं जड, गाडी चालवायची भीती वाटायची. डोस वाढवायचा नाही असं मी म्हटलं तेव्हा तिने हा पर्याय सांगितला, पण लगेच प्रिस्क्रिप्शन लिहून दिलं नाही हे मला आवडलं. आधी थायरॉईड तपासून घेतलं, घोरण्याबद्दल नवऱ्याला विचारलं, घरीच स्लीप ॲपनियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकतो का याची, टेस्ट करायला लावली. मग पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलं यंत्र आहे का, फिट येतात का, प्रेग्नंट आहेस का, हे सगळं विचारलं. आणि झोपेसाठीचं सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची थेरपी), ज्याला इथे सीबीटी-आय म्हणतात, ते आधी सुरू कर म्हणाली, कारण जुन्या निद्रानाशासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये तेच पहिलं करायला सांगितलंय.

तिने पुराव्याबद्दलही सरळ सांगितलं. २०१८ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या मेडिकल जर्नलमध्ये आधीच्या अभ्यासांचा एक रिव्ह्यू आला, त्यात अँक्झायटी आणि डिप्रेशनमध्ये थोडासा फायदा दिसतो पण पुरावा कमकुवत आहे असं म्हटलंय आणि झोपेबद्दल तर ठाम काही म्हणावं एवढा पुरावाच नाही. तरी एफडीएने, म्हणजे इथल्या औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१९ मध्ये अँक्झायटी आणि निद्रानाशासाठीची ही यंत्रं सर्वात जास्त धोक्याच्या क्लास ३ मधून मध्यम धोक्याच्या क्लास २ मध्ये आणली, डिप्रेशनसाठीची मात्र क्लास ३ मध्येच ठेवली. इथे ती प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत. म्हणजे जादू नाही पण थोतांडही नाही, धोका कमी आहे, करून बघायला हरकत नाही, असं माझं मी ठरवलं.

इन्शुरन्सने नाही म्हटलं. अपील केलं, परत नाही. माझ्या थेरपिस्टच्या क्लिनिकमध्ये एक यंत्र काही आठवडे भाड्याने मिळत होतं ते आधी आणलं, आणि उपयोग वाटतोय म्हटल्यावर मग एचएसएच्या (औषधोपचारासाठी पैसे साठवायचं इथलं खातं) पैशातून स्वतःचं घेतलं. किंमत हजार डॉलरच्या आसपास असते, म्हणून भाड्याने मिळत असेल तर आधी तेच करा असं मी अगदी कळकळीने सांगेन.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर सांगलीहून पहिला प्रश्न, "काय गं, डोक्याला शॉक घेतेस?" तिच्या आवाजातली भीती ऐकून मला वाईट वाटलं. मग तिला नीट समजावलं की आई, तू म्हणतेस ती ट्रीटमेंट हॉस्पिटलमध्ये भूल देऊन करतात, त्यात करंट शेकडो मिलिॲम्प असतो, आणि तीही गरज असलेल्याला खूप उपयोगी पडते, तिला घाबरायचं कारण नाही. यात मात्र माझ्या यंत्राचा करंट जास्तीत जास्त अर्धा मिलिॲम्प, म्हणजे ५०० मायक्रोॲम्प, तोही बॅटरीवर, बेशुद्धी नाही की झटका नाही. मी तिच्यासमोरच लावून बसले, तिच्याशी भाजीबद्दल बोलत राहिले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

लावायचं कसं ते सांगते. कानातलं काढायचं, कानाची पाळी स्वच्छ पुसून घ्यायची (तेल किंवा क्रीम असेल तर करंट नीट जात नाही), क्लिपच्या छोट्या फेल्टच्या पॅडवर कंडक्टिंग सोल्यूशनचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि दोन्ही पाळ्यांना एकेक क्लिप लावायची. मग करंट हळूहळू वाढवत न्यायचा. एका ठिकाणी होडीत बसल्यासारखं डोकं किंचित डोलायला लागतं, तिथून खाली यायचं, डोलणं थांबेल इतपत. करंट जास्त सोसला तर वीस मिनिटं पुरतात, कमी ठेवला तर चाळीस मिनिटं ते तासभर. मी कमीच ठेवते, १०० मायक्रोॲम्पवर तासभर, कारण जास्त केलं की मला मळमळतं. पाळीला थोडी खाज आणि लाली येते, पॅड ओलं ठेवलं की कमी होते. कधीकधी डोकंही दुखलं. क्लिपा लावून गाडी चालवायची नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही, मी खुर्चीत बसून मेथी निवडते नाहीतर मुलीचा होमवर्क बघते.

एक गोष्ट मला नंतर कळली की झोपेसाठी आहे म्हणून रात्री अंथरुणात लावायचं असं नाही. मला झोपायच्या आधी लावलं की उलट तरतरी येते. आता संध्याकाळी ऑफिसचं काम संपलं की लावते.

फरक काय पडला? पहिले काही दिवस काहीच नाही, फक्त क्लिपा काढल्यावर खांदे सैल झालेले असायचे. मग हळूहळू धडधड कमी झाली. पहाटेची जाग अजूनही येते, पण आधी जाग आली की लगेच मनात नोकरी, व्हिसा, घराचं लोन अशी रांग लागायची, आता बऱ्याचदा कूस बदलून परत झोप लागते. यात यंत्राचा वाटा किती आणि सीबीटी-आयचा किती, ते वेगळं काढता येणार नाही, कारण झोप आली नाही तर अंथरुणातून उठायचं, दुपारी झोपायचं नाही, ठरलेल्या वेळेलाच उठायचं, हे सगळं त्याच काळात चालू होतं, आणि खरं सांगायचं तर सर्वात अवघड तेच होतं. मला स्वतःला वाटतं की घबराट उतरली ती यंत्राने आणि झोपेची घडी बसली ती त्या शिस्तीने. झोपेची डायरी रोज लिहिली म्हणून निदान इतकं तरी सांगता येतंय.

गोळी मी माझ्या मनाने सोडली नाही. नर्सने डोस टप्प्याटप्प्याने उतरवलाय, अजून थोडी चालू आहे. कृपा करून कोणी यंत्र आलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका, काही गोळ्या अचानक थांबवल्या तर आधीपेक्षा जास्त त्रास होतो.

पुण्याच्या चुलतभावाने हे ऐकून काकांसाठी एक घेऊन ये म्हणून निरोप पाठवला, काकांनाही झोप नाही. पण काकांना पेसमेकर आहे. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं, आणि ऑनलाइन दिसतात त्या स्वस्तातल्या मशिनींपैकीही काही मागवू नकोस म्हटलं. काकांच्या रात्रीच्या चहाबद्दल आणि दुपारच्या दोन तासांच्या झोपेबद्दल मात्र आम्ही बराच वेळ बोललो, आणि त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना झोपेचं पुढच्या व्हिजिटला विचारायचं त्याने कबूल केलंय.