आईच्या खुरप्याची मूठ

आईच्या बोटांना संधिवात आहे. परसातल्या वांग्यांच्या आळ्यात खुरपं चालवायला बसली की पाच-दहा मिनिटांत बोटं आखडतात. लाकडी मूठ तिला बारीक पडते, घामाने निसटतेही. तिला हवी होती जाड मूठ, आतून कडक आणि हाताला मऊ लागणारी.

माझ्याकडचा थ्रीडी प्रिंटर साधाच आहे. स्कॉट क्रम्प यांचं प्लास्टिक वितळवून थर रचण्याचं पेटंट २००९ मध्ये संपलं, आणि त्याच्याही आधी, २००५ मध्ये, बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू करून यंत्राची रचना सगळ्यांसाठी खुली केली. त्या दोघांमुळे असं यंत्र माझ्यासारख्याच्या खोलीत येऊ शकलं. त्यावर मी दुसरं नोझल, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणारी तोटी, बसवलं: एकातून पीएलए हे कडक प्लास्टिक, दुसऱ्यातून रबरासारखं टीपीयू.

दुसरं नोझल बसवलं की झालं, असं मला वाटत होतं. पण ते पहिल्यापेक्षा केसभर जरी खाली राहिलं, तरी छापून झालेल्या थरावर ओरखडे काढतं. नुसतं थांबलेलं नोझल गळतं, म्हणून त्याची पाळी नसताना तापमान २२५ वरून १७० अंशांवर आणावं लागतं. शिवाय प्रत्येक अदलाबदलीला, नोझल साफ व्हावं म्हणून बाजूला छापलेल्या छोट्या मनोऱ्यात थोडं प्लास्टिक वाया जातं, ते वेगळंच.

खरी अडचण मात्र दोन पदार्थांच्या सांध्यात होती. पहिल्या मुठीवरचं टीपीयू आठवडाभरात केळीच्या सालीसारखं सोलून निघालं. मग कडक गाभ्यावर तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशा खाचा ठेवल्या. टीपीयू त्यांत भरून अडकून बसतं, चिकटण्यावर फार विसंबावं लागत नाही. मला या सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. सुतार लाकडात जे करतो, तेच इथे ०.२ मिलिमीटरच्या थरांत करायचं.

दुसरी मूठ एप्रिलमध्ये पत्र्याच्या पडवीत राहिली आणि वाकली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे वाचलं होतं, लक्षात ठेवलं नव्हतं. आता गाभा पीईटीजी या दुसऱ्या कडक प्लास्टिकचा करतो. तो ऐंशीच्या जवळपास टिकतो.

जुलैत आमच्या कोल्हापूरच्या पावसात टीपीयू हवेतलं पाणी पितं. नोझलमधून तडतड आवाज येतो, पृष्ठभागावर बुडबुडे उठतात. म्हणून टीपीयूच्या तारेची गुंडाळी पन्नास अंशांवर सहा तास वाळवायची आणि सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या घट्ट स्टीलच्या डब्यात ठेवायची. आईने त्यासाठी तिचा तांदळाचा डबा रिकामा करून दिला.

चौथी मूठ ती रोज वापरते. सलग अर्धा तास बसते आता. काल म्हणाली, अंगठ्याची खाच जरा पुढे घे. ती बोटभर सरकवून आज रात्री पाचवी छापायला लावतोय.