‘स्पार्क’ की ‘फ्युएल’? अडलेली एकवीस कार्डं अखेर हलली

हललं एकदाचं! इंग्रजी बातम्यांतल्या नेहमीच्या शब्दजोड्या मी अँकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपवर घोकतेय आणि मैत्रिणीशी बोलताना वापरून बघतेय. काल रात्रीच्या सरावात ‘द लीक्ड मेमो फ्युएल्ड स्पेक्युलेशन’ (फुटलेल्या मेमोनं तर्कवितर्कांना खतपाणी घातलं) असं मी न अडखळता बोलून गेले. पुढचं वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा कुठे लक्षात आलं की आपण आत्ता काय म्हणालो. समोरच्या मैत्रिणीला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि मला हवं होतं ते नेमकं तेच. म्हणून महिनाअखेरीची वाट न पाहता आजच ही नोंद लिहितेय.

मागच्या वेळी मी कुठे अडकले होते ते आठवत असेल. बातम्यांचा डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, ४१२ कार्डांवर पोचला होता आणि त्यातली ३८ लीच झाली होती, म्हणजे प्रत्येकी आठ-आठ वेळा चुकलेली. वेगळी काढून पाहिली तर त्यातली २१ एकाच घराण्यातली निघाली: स्पार्क, फ्युएल, स्टोक, ट्रिगर, प्रॉम्प्ट, प्रोव्होक, ड्रॉ. एखाद्या गोष्टीमुळे दुसरं काहीतरी घडलं, एवढंच सांगायचं असतं. बोलताना मात्र माझ्या तोंडी दरवेळी ‘कॉज’ यायचं. ते सगळीकडे चूक नसतं, पण ‘कॉज्ड कॉल्स फॉर हिज रेझिग्नेशन’ असं कुणी म्हणत नाही. शिवाय ‘कॉज’ला स्वतःची संगतही आहे. मायकेल स्टब्ज यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की त्याच्यापुढे बहुतेक वेळा प्रॉब्लेम, डॅमेज, डेथ अशी नकोशी नामंच येतात. चांगल्या बातमीला ‘कॉज’ लावलं की उगाच सावट पडतं.

आधी उपाय केले ते सगळे चुकीच्या जागी. एफएसआरएस, म्हणजे उजळणी कधी करायची ते ठरवणारी पद्धत, चालू केलं. २०२३ मध्ये ते अँकीतच आल्यापासून मी टाळत होते, आता एकदाचं केलं. उजळणीचे दिवस छान बसले, पण मुळात वाईट बनलेलं कार्ड ते दुरुस्त करत नाही, फक्त ते पुन्हा कधी समोर आणायचं ते ठरवतं. मग तयार डेक उतरवून पाहिला. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, वाक्य एकही नाही. अर्ध्या तासात काढून टाकला, आणि तुम्हालाही सांगते, त्या वाटेला जाऊ नका. कोकामध्ये, म्हणजे अमेरिकन इंग्रजीच्या मोठ्या संग्रहात, शब्दजोड्यांची यादी एमआयनुसार (दोन शब्द एकमेकांना किती घट्ट बांधलेत ते सांगणारा आकडा) लावून बसले, तर वर सगळी दुर्मीळ जोडपी आली. एमआयचा स्वभावच तो: क्वचित भेटणाऱ्या, पण भेटले की हमखास एकत्र दिसणाऱ्या शब्दांना तो डोक्यावर घेतो. बोलण्यासाठी वारंवारितेनुसार लावलेली यादीच बरी.

गाठ सुटली ती एका कार्डावर. पुढची बाजू अशी होती: ‘द फोटो (रिकामी जागा) स्पेक्युलेशन अबाउट हिज हेल्थ.’ उत्तर ‘फ्युएल्ड’. मी दर वेळी ‘स्पार्क्ड’ म्हणत होते आणि स्वतःला चूक देत होते. गेल्या आठवड्यात चिडून स्केलवर, म्हणजे शब्द टाकला की उदाहरणवाक्यं देणाऱ्या साइटवर, दोन्ही जोड्या टाकल्या, तर दोन्ही तितक्याच सहज आल्या. म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतंच. कार्डाला दोन बरोबर उत्तरं होती आणि ते एकच मागत होतं!

मग सगळी उदाहरणं नीट वाचून काढली. स्केल एका शोधाला चाळीस वाक्यं देतं, ती वरवर चाळायची नाहीत, प्रत्येक वाक्यात क्रियापदाच्या आधी काय आहे ते बघायचं. ‘फ्युएल्ड’च्या आगेमागे ‘फर्दर’ सारखं भेटत होतं. ‘फर्दर फ्युएल्ड’ ही जोडी ओळखीची आहे, ‘फर्दर स्पार्क्ड’ असं सहसा कुणी लिहीत नाही. कारण इंधन घालायला आग आधी पेटलेली लागते. फोटो येण्याआधी कुजबुज होती का? होती, तर फ्युएल. फोटोनंच सुरू झाली? मग स्पार्क. दोन्हींतला फरक अर्थाचा नाही, वेळेचा आहे.

हे कळलं आणि पुढचं सगळं मराठीतच उलगडत गेलं. ठिणगी पडली. आगीत तेल ओतलं. असंतोष धुमसतोय. भडका उडाला. आपल्या बातम्यांत आगीचा हा अख्खा क्रम रोज असतो आणि त्यात आपण कधीच चुकत नाही. भडका उडाल्यावर ठिणगी पडली असं कोण म्हणेल? मी इतके दिवस ‘मुळे’ हा एकच मराठी शब्द धरून सात इंग्रजी क्रियापदं शोधत होते, म्हणून ती एकमेकांत मिसळत होती.

स्टोक याच रांगेत बसतं, पण तिथे कुणाचा तरी हात असतो. भट्टीत कोळसा सारणारा तो स्टोकर, म्हणजे निखारे मुद्दाम फुलवणं आलं. म्हणूनच ‘अक्यूज्ड ऑफ स्टोकिंग टेन्शन्स’ इतकं भेटतं, आणि फिअर्स, अँगर, डिव्हिजन ही त्याची नेहमीची मंडळी. स्पार्कला तसं वावडं नाही, ते इंटरेस्ट आणि होपबरोबरही सुखानं नांदतं. प्रॉम्प्टमध्ये आग नाहीच. माणसं हालचालीला लागतात, चौकशी होते, फेरविचार होतो, राजीनाम्याची मागणी होते. ट्रिगर म्हणजे चाप: मतदानात हार झाली की निवडणूक लागते, मर्यादा ओलांडली की नियम लागू होतो, मधे कुणी विचार करत बसत नाही. आणि ड्रॉमध्ये टीका तुमच्याकडे ओढली जाते. ‘ड्रू क्रिटिसिझम फ्रॉम’ म्हटलं की कुणाकडून ते सांगायची जागा आपोआप मिळते, हे मला फार आवडलं.

मग कार्डांची पुढची बाजू बदलली. आता तिथे इंग्रजी रिकामी जागा नाही, मराठीत दोन ओळींची घटना आहे: ‘तब्येतीबद्दल कुजबुज आठवडाभर चालूच होती. काल ते सभेला आले नाहीत आणि ती आणखी वाढली.’ यावरून अख्खं इंग्रजी वाक्य मोठ्यानं बोलायचं. २१ पैकी १७ कार्डं आता लीच नाहीत. उरलेली चार आउटरेजची, म्हणजे संतापाची आहेत. तिथे स्पार्क आणि प्रोव्होक दोन्ही चालतात आणि वेळेचा फरकही नाही. दोन्ही उत्तरं बरोबर धरायची असं ठरवलंय, उगाच भेद उकरून काढणार नाही.

आता वाईट बातमी. त्याच सरावात पाच मिनिटांनी मैत्रिणीनं मला थांबवलं. ‘अगं, तू बातमी सांगतेयस की मथळे वाचतेयस?’ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि तिचं म्हणणं पटलं. ‘द गव्हर्नमेंट मल्स’, ‘द ऑपोझिशन स्लॅम्स’, ‘अ प्रोब इंटू’. हे शब्द मथळ्यात जागा वाचवायला असतात. बोलताना लोक ‘मल’ला ‘ओव्हर’ जोडतात किंवा सरळ ‘थिंकिंग अबाउट’ म्हणतात. शिवाय वाद या अर्थाच्या ‘रो’चा उच्चार ‘राउ’ आहे हे मी इतके दिवस कानानं कधी तपासलंच नव्हतं. हे सगळे शब्द मी डोळ्यांनी गोळा केले होते, त्याचा हा परिणाम. कोकाचा बोलीचा विभाग आणि वृत्तपत्रांचा विभाग शेजारी ठेवून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. फुकट खात्याला रोजच्या शोधांची मर्यादा आहे म्हणून मी ते टाळत होते. आता ते शोध यासाठीच राखून ठेवणार. मथळ्यांची म्हणून सापडलेली २९ कार्डं सध्या थांबवून ठेवलीत.

मधे एक सुख सांगायचं राहिलं: ‘स्टॉप्ड शॉर्ट ऑफ कॉलिंग फॉर हिज रेझिग्नेशन’. टीका भरपूर केली, पण थेट राजीनामा मागण्यापर्यंत गेले नाहीत, एवढा सगळा पेच त्या तीन शब्दांत मावतो. ‘ऑफ’नंतर क्रियापदाचं आयएनजी रूप. गेल्या आठवड्यात चार वेळा वापरलं, चारही वेळा योग्य जागी. ज्यांचा डेक माझ्यासारखा राजकारणाकडे झुकलेला आहे त्यांनी आजच घ्या.

पुढे अर्थकारणाचा गठ्ठा घेणार होते, म्हणजे किमतींचं एज अप, सर्ज, सोअर, प्लमेट. पण तिथे क्रमाची युक्ती चालणार नाही, तिथे पट्टी लागेल, किती वर आणि किती खाली याची. ते नंतर. आधी आगीचा उरलेला अर्धा भाग करायचाय, विझवण्याचा: ईझ टेन्शन्स, अले फिअर्स, क्वेल अनरेस्ट. ‘डिफ्यूज’ तिथेच आहे, पण ते बॉम्बच्या वातीवरून आलेलं. पसरवण्याचं ‘डिफ्यूज’ वेगळं आणि स्पेलिंगमध्ये एका स्वराचा आणि एका जादा ‘एफ’चा फरक, तो लाल रंगानं लिहून ठेवलाय.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: ती २९ कार्डं टाकायची कशाला? मथळ्यात ‘मल्स’ असतं आणि त्याच बातमीच्या पहिल्या वाक्यात बहुतेक वेळा ‘इज कन्सिडरिंग’ असतं. वर ‘स्लॅम्स’, खाली ‘स्ट्राँगली क्रिटिसाइज्ड’. पेपर स्वतःच मथळ्याची भाषा सोडवून देतोय आणि मी फक्त वरची ओळ कापून घेत होते! म्हणजे कार्डाच्या पुढे मथळा, मागे पहिलं वाक्य, आणि तिसऱ्या ओळीत तेच मैत्रिणीला सांगताना कसं म्हणायचं ते. अर्थकारण आणखी दोन आठवडे लांबलं तरी चालेल. पहिल्या कार्डाला ‘मल्स’ घेतलंय. तिसरी ओळ आज रात्री तिला ऐकवून मगच भरणार.