वाळवी सांगा, ढेकूण नको: आमची वाटचाल

पेस्ट कंट्रोलमध्ये ढेकणांचं काम सगळ्यात गुपचूप चालतं. मुंग्या, झुरळं, उंदीर झाले की माणसं जिन्यात उभी राहून तक्रार करतात, शेजाऱ्याला आमचा नंबर देतात. ढेकणांचं काम करून दिलेलं घर मात्र लक्ष्मी रोडवर समोरून आलं तरी ओळख दाखवत नाही. ऑनलाइन आमच्याबद्दल जे चांगलं लिहिलं गेलंय, त्यात 'झुरळांसाठी उत्तम सेवा' असं लिहिणारी अशी कितीतरी घरं आहेत जिथे आम्ही झुरळ बघितलेलंच नाही. अशा गिऱ्हाइकांच्या जिवावर फर्म कशी उभी राहिली, ते सांगते.

आमचे हे एका पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निशियन होते. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं ठरलं आणि गाडी अडली परवान्यावर. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. त्यानुसार हा व्यवसाय करायला कृषी विभागाचा परवाना लागतो. शिवाय शेतीची पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी असलेलं, आणि म्हैसूर, हापूर किंवा हैदराबादच्या ठरलेल्या संस्थेत किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं माणूस लागतं. यांचं शिक्षण बारावी. माझी केमिस्ट्रीची बी.एस्सी. लग्नापासून कपाटात पडून होती. मग मीच म्हैसूरच्या त्या संस्थेत, सीएफटीआरआयमध्ये, जाऊन आले. सासूबाईंनी मुलाला आनंदाने सांभाळलं, पण नातेवाइकांना 'सून ट्रेनिंगला गेलीय' एवढंच सांगितलं. कसलं ट्रेनिंग, ते अळीमिळी गुपचिळी.

मी फक्त कागदावर राहायचं, असं ठरलं होतं. पण हे एकटे तपासणीला गेले की घरातली बाई सांगायची, "एखाददुसरा दिसलाय हो." मी बरोबर गेले की तीच बाई मला स्वयंपाकघरात नेऊन सांगायची की दिवाळीपासून झोप नाही, पाहुणे आले तर त्यांना हॉलमध्ये झोपवायची भीती वाटते. तेव्हापासून तपासणी माझ्याकडे आणि फवारणी यांच्याकडे, अशी वाटणी झाली. आजही तशीच आहे.

नवराबायकोच्या भांडणात तर मला बऱ्याचदा पंच व्हावं लागतं. एकाच पलंगावर झोपून एकाच्या अंगावर गांध्या उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच नाही. मग दुसरा म्हणतो, "तुला अॅलर्जी आहे, डॉक्टरकडे जा." ढेकूण दोघांनाही चावतोय. काहींच्या त्वचेवर त्याची खूणच उमटत नाही. स्किनच्या डॉक्टरांची मलमं संपवून मग आमच्याकडे आलेली घरं बरीच आहेत. ढेकणापासून माणसाला रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, हेही मी पहिल्याच भेटीत सांगते. निम्मं टेन्शन तिथेच उतरतं.

तपासणीला फार सामान लागत नाही. चांगली बॅटरी, एक जुनं एटीएम कार्ड, आणि गुडघ्यावर बसायची तयारी. मोठा ढेकूण पाच-सहा मिलिमीटरचा, पण चपटा. कार्ड जाईल त्या फटीत तो बसतो. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, दिवाणाच्या सनमायकाची सुटलेली कड, हेडबोर्डची मागची बाजू. जास्त झाले असतील तर स्विचबोर्ड, फोटोफ्रेम, पडद्याची वरची घडी. जिवंत ढेकूण दिसायलाच हवा असं नाही. काळे ठिपके, टाकलेली कात आणि मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी यांवरून कळतं. गिऱ्हाईक गादी उलटून बघतं, काही दिसत नाही म्हणून सुस्कारा सोडतं. मी पलंगाचा पाय उलटा करते.

सुरुवातीचं बरंचसं काम पेठांमधून आलं. सदाशिव, नारायण, शुक्रवार पेठेत एमपीएससीची मुलं कॉट बेसिसवर राहतात, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. एका खोलीत चार-पाच लोखंडी कॉट, मुलं दर वर्षी बदलतात, गाद्या तिथेच. तक्रार आली की मालक म्हणणार, "त्या एका कॉटला मारून द्या, बाकीच्यांना कळू देऊ नका." आणि ज्याने तक्रार केली त्यालाच म्हणणार, "तूच गावाकडून आणलेस." आम्ही एका कॉटचं काम घेणं बंद केलं. घ्यायचं तर सगळा मजला. फवारणी झालेल्या जागेतून ढेकूण बाजूला सरकतात. भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपातूनही पलीकडच्या खोलीत जातात. यावरून काही मालक सोडून गेले, स्वस्तातला माणूस आणून कॉटपुरतं मारून घेतलं आणि महिन्याभरात परत आमच्याकडे आले. तेच आता वार्षिक करारावर आहेत.

ढेकूण येतात कुठून, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि विचारताना नजर कामवाल्या मावशींकडे असते. मला हे अजिबात आवडत नाही. प्रवासातल्या बॅगा, स्लीपर बस, जुन्या बाजारातून उचललेलं कपाट, भाड्याने घेतलेलं फर्निचर, पाहुण्यांच्या वळकट्या, काहीही असू शकतं. प्रभात रोडवरच्या एका चकाचक बंगल्यात मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आजी-आजोबांच्या सुटकेसच्या शिवणीत आम्हाला ढेकूण सापडले. तिकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ढेकूण पुन्हा वाढले आहेत, हे त्या आजोबांना पटवायला मला चहाचे दोन कप लागले. घर घाण असलं म्हणून ढेकूण होत नाहीत. पसारा असला तर त्यांना लपायला जागा जास्त मिळते, एवढंच.

आमच्याआधी घरोघरी काय काय करून झालेलं असतं! रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, उकळतं पाणी. उकळत्या पाण्याला मी नावं ठेवणार नाही. लोखंडी कॉटच्या सांध्यात नीट ओतलं तर जिथे पोचतं तिथले मरतात, अंडीसुद्धा. प्लायच्या दिवाणावर ओतलं की दिवाण फुगतो. गाद्या उन्हात टाकणं हा आपल्याकडचा हमखास उपाय. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वरचं कापड भाजतं, पण ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला जातात आणि संध्याकाळी गादीबरोबर खाली येतात. पन्नास अंशांच्या आसपास उष्णता थेट अंगाला लागली तर ढेकूण काही मिनिटांत मरतो. गादीच्या आत तेवढी उष्णता पोचवणं अवघड. कपड्यांचं तसं नाही. ६० अंशांच्या पाण्यात धुतले की निश्चिंत.

एका गोष्टीवर मात्र मी आवाज चढवते. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणीतरी चोरून आणून देतं आणि लोक त्या खोलीत ठेवून दार लावतात. त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या चिरांतून शेजारच्या घरात जातो, तिथे लेकरं झोपलेली असतात. अशाने माणसं गेली आहेत. या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त फ्युमिगेशनवाल्यांपुरत्याच आहेत, राहत्या घरात वापरायच्या नाहीतच. "तुम्ही त्या गोळ्यांचं करता का?" असं फोनवर विचारणारा माणूस नंतर आमच्याकडे आला नाही तरी चालेल, पण मी त्याला हे ऐकवल्याशिवाय फोन ठेवत नाही.

वासाची गोष्टही याच जातीची. पूर्वी या धंद्यात डायक्लोरव्हॉस सर्रास मारलं जायचं. उग्र वास, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटायचं की काम जोरदार झालं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ते टप्प्याटप्प्याने बंद झालं आणि ३१ डिसेंबर २०२० पासून वापरही थांबला. मला बरंच वाटलं, कारण तो वास सगळ्यात जास्त आमची फवारणीची मुलंच ओढत होती. पण नंतरची दोन वर्षं आम्ही 'औषधात पाणी घालता काय?' हे ऐकून घेतलं. पुणेकर गिऱ्हाईक डबा हातात घेऊन लेबल वाचतं, एक्सपायरी बघतं आणि तरीही वासावर अडतं.

औषध बदललं तरी ढेकूणही बदलतोय. डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४० च्या दशकातच सापडले होते. आता बाजारातल्या नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांचंही अनेक ठिकाणी तेच झालंय. त्यामुळे 'स्ट्राँग मारा' म्हणण्यात काही अर्थ नाही. आम्ही आधी व्हॅक्युमने ओढून घेतो, सांध्यांना आणि शिवणींना वाफ देतो, मग बारीक नोजलने फटींत औषध. खोलीभर धूर सोडणारे डबे दिसायला भारी असतात, पण धूर फटीत शिरत नाही.

आणि दुसरी फेरी. फर्मचं नाव झालं असेल तर यावर. बऱ्याच औषधांनी अंडी मरत नाहीत. उबदार दिवसांत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात, आणि बाहेर आलेलं पिल्लू मोठं होऊन अंडी घालायच्या आत आपण परत पोचलं पाहिजे. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत अंडी फुटायला वेळ लागतो, तेव्हा थोडं थांबून. 'एकाच भेटीत शंभर टक्के गॅरंटी' असं लिहिणाऱ्यांपुढे आमचं कोटेशन कायम महाग दिसतं, त्यात वर १८ टक्के जीएसटी. पैसे दोन्ही फेऱ्यांचे मिळून घेतो. वेगळे घेतले की दुसऱ्या फेरीला लोक दार उघडत नाहीत, चावणं थांबलेलं असतं ना!

लॉकडाऊनबद्दल थोडक्यात. मार्च २०२० ला कॉट बेसिसची मुलं गावी गेली, करार बंद पडले, ज्याच्याकडे पंप होता तो जंतुनाशक हायपोक्लोराइट मारत फिरला, आम्हीही फिरलो. पगार निघाले. खोल्या उघडल्या तेव्हा मालकांची खात्री होती की माणूस नाही म्हणजे ढेकूण उपाशी मेले असतील. मोठा ढेकूण रक्ताशिवाय काही महिने काढू शकतो, आणि शेजारच्या खोलीत माणूस असेल तर उपाशी तरी कशाला राहील?

आता काम पेठांपेक्षा वाकड, हिंजवडी, खराडीच्या पीजी आणि सोसायट्यांमधून जास्त येतं. तिथली अडचण वेगळीच. फ्लॅटवाले म्हणतात, "ताई, गाडीवरचं नाव झाका, गेटवर वाळवीचं काम सांगा." वाळवी झाली तर माणूस फर्निचरवाला समजला जातो, ढेकूण झाले तर काय समजला जातो कोण जाणे. आम्ही नाव नसलेल्या दुचाकीवर येतो, युनिफॉर्मही वर जाऊन घालतो. पण एक अट ठेवतो: वर, खाली आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची तपासणी झालीच पाहिजे, आणि ती मागायला फ्लॅटवाल्यांनीच शेजाऱ्याकडे जायचं. पुष्कळ जण इथे अडतात. एका सोसायटीत सेक्रेटरींनी तोडगा काढला. सगळ्या विंगची 'वार्षिक तपासणी' जाहीर केली, कोणाचं नाव नाही. एका घरातून फोन आला होता. तपासणीत ढेकूण त्याच्या आजूबाजूलाही निघाले, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच घरात आहेत.

आमची मुलं काम संपल्यावर तिथेच कपडे बदलतात, वापरलेले बंद पिशवीत, बॅग कधी पलंगावर ठेवायची नाही. गादीवाले आणि सुतार यांच्याशी आमचं चांगलं जमतं, कारण खोळ उघडल्यावर पहिल्यांदा ढेकूण त्यांनाच दिसतात आणि ते बोलायला लाजत नाहीत. निम्मी कामं आजही त्यांच्याकडून येतात.

अलीकडे तपासणीचे वेगळे पैसे घेतो आणि लेखी अहवाल देतो, खोलीवार, फोटोसह. काही निघालं नाही तर तसंही लिहून देतो. आधी याला कोणी विचारेना. मग डिपॉझिट कापण्यावरून मालक आणि भाडेकरूंची भांडणं आमच्यापर्यंत यायला लागली. आता जून-जुलैत नवी मुलं यायच्या आधी कॉट बेसिसचे मालक स्वतःहून अहवाल मागतात, आणि मुलं सोडून जाताना त्याची प्रत मागतात.