साडेचारचे साडेतीन झाले

2025 चा पाडवा 30 मार्चला, रविवारी आला होता आणि मी म्युनिकमध्ये एकटीच होते. कंपनीचं काम शुक्रवारी संपलं, बरोबरचे दोघे शनिवारी निघून आले, मी शहर बघायला एक दिवस मागे राहिले. रविवारी दुपारी सव्वाबाराचं मुंबईचं विमान होतं.

आठवडाभर फोन मी भारतीय वेळेवरच ठेवला होता. आईच्या गोळ्यांची आठवण मी फोन करून देते, त्यामुळे घरी किती वाजलेत ते समोर दिसलेलं बरं पडतं. इथली वेळ हवी असली की साडेचार तास वजा करायचे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण हिशेब करतोय हेही जाणवत नव्हतं.

पाडव्याला अकराच्या सुमारास आईला व्हिडिओ कॉल केला. गॅलरीतली गुढी दाखवली तिनं. लाल खण, कडुलिंबाचा डहाळा, गाठी, वर बाबांच्या वेळचा तो पोचे पडलेला तांब्या. "तिकडं उजाडलं का गं?" म्हणाली. मी म्हटलं, "हो, साडेसहा वाजलेत, लख्ख उजाडलंय."

वाजले होते साडेसात. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ तासभर पुढे सरकवतात. जर्मनीत दोनचे एकदम तीन होतात. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो तास परत मिळतो. हे मी कधीतरी वाचलेलं होतं, पण ते आज रात्री होणार आहे हे कुणी बोललं नाही, कारण बोलायला कुणी नव्हतंच. खिडकीतला उजेड कालच्यासारखाच होता. त्या छोट्या हॉटेलात रविवारी काउंटरवर माणूस नसतो, किल्ली पेटीत टाकायची आणि निघायचं. उरलेल्या दोन दशम्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ल्या आणि निवांत बाहेर पडले. माझ्या हिशेबानं आठ-चाळीस.

मोसाख स्टेशनवरून एस-1 लोकल थेट विमानतळाला जाते, एवढंच मला माहीत होतं. ही गाडी नॉयफार्नला मधोमध तुटते, मागचे डबे विमानतळाकडे आणि पुढचे फ्रायसिंग नावाच्या गावाला जातात, हे माहीत नव्हतं. मी बॅग ओढत सगळ्यात पुढच्या डब्यात जाऊन बसले होते. नॉयफार्नला गाडी जरा जास्त थांबली, घोषणाही झाली. मी तेव्हा मान खाली घालून सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा पाठवत होते.

फ्रायसिंगला डबा रिकामा झाला. खाली उतरून फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं तर दहा वाजून बारा मिनिटं. मी फोन काढला, पावणेदोन होत आलेले, त्यातून साडेचार वजा केले. पुन्हा केले. बोटांवर केले. नऊ-बाराच येत होते. मला खरंच वाटलं घड्याळ बिघडलंय. शेजारी सायकल धरून एक आजी उभ्या होत्या, त्यांना फोन दाखवून घड्याळाकडे बोट केलं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाल्या, "झोमरत्साइट." उन्हाळ्याची वेळ. हातापायातलं बळच गेलं माझ्या. सामानाचा काउंटर सव्वाअकराला बंद होणार होता.

मी "फ्लुगहाफन, फ्लुगहाफन", म्हणजे विमानतळ, एवढंच म्हणत राहिले. त्या आजी सायकल भिंतीला टेकवून माझ्याबरोबर स्टेशनबाहेर आल्या, 635 नंबरच्या बसपाशी मला उभं केलं, ड्रायव्हरशी काहीतरी बोलल्या आणि बस हलेपर्यंत तिथून गेल्या नाहीत. त्यांचं नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही मला, याची रुखरुख अजून आहे.

काउंटरला पोचले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं. बॅग गेली. सुरक्षा तपासणी, पासपोर्टचा शिक्का, मग जमिनीखालच्या छोट्या गाडीनं पलीकडच्या इमारतीत. माझ्या मागे त्या रांगेत आणखी एकच जण होता.

बरोबर कुणी असतं तर "अगं, किती वाजले?" एवढ्या एका प्रश्नात सगळं उघडं पडलं असतं. बाबा असते तर गाडीच्या आधी तासभर फलाटावर नेऊन बसवलं असतं, त्यांच्या त्या घाईवर आम्ही किती चिडायचो. एकटीनं फिरायचं मी सोडणार नाही, मला ते फार आवडतं. पण आता निघायच्या आदल्या रात्री मी विमानाची वेळ आणि तिथली आत्ताची वेळ, दोन्ही कुणाला तरी मोठ्यानं सांगते. बहुतेक वेळा आईलाच.

सीटवर बसून पट्टा लावला तेव्हा तिथे बारा वाजले होते. दार बंद व्हायच्या आत आईला फोन लावला.

"आई, भिंतीवरचं घड्याळ बघ. किती वाजले?"

"साडेतीन. का गं?"

मी बारातून साडेतीन... नाही, बारात साडेतीन मिळवले. जुळलं.

"काही नाही. बसले विमानात. उन्हं उतरली की गुढी उतरव, गाठी माझ्यासाठी ठेव."