हीट पॅडचा प्रोब नेमका कुठे बसवायचा

थंडीत कोल्हापुरात रात्रीचा पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो. मग टाकीतली हवा गार लागते म्हणून बॉल पायथन (आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) पाळणारे टाकीखालच्या हीट पॅडचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला पॅड चालू-बंद करणारं यंत्र, 36, 38 वर नेतात. पण पॅड हवा तापवत नाही, त्याच्यावरची तळाची काच तापवतो. हवा गारच राहते आणि ऊब फक्त खालून मिळते, म्हणून साप त्या काचेवर तासन्‌तास वेटोळं घालून बसतो. चटका बसला की तो आपोआप बाजूला होईल, या भरवशावर राहू नका. पोटाचे खवले असेच भाजतात. खोलीच गार असेल तर खोली उबदार करा, पॅडचा आकडा वाढवू नका.

उबदार बाजूचा तळ 31 ते 32 अंश, गार बाजू 25 ते 27. पॅड टाकीच्या एक तृतीयांश तळाखाली, बाहेरून लावायचा. टाकी थेट फळीवर टेकवली की खाली उष्णता कोंडते. चारही कोपऱ्यांखाली 6 मिलीमीटर जाडीचे रबराचे तुकडे द्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कापून मिळतात.

आता प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या तारेच्या टोकाचा तापमान मोजणारा सेन्सर. तार तुटली तर बहुतेक थर्मोस्टॅटना कळतं, प्रोब जागेवरून सरकला तर कळत नाही. टाकीत ठेवलेला प्रोब सापाने ढकलून गार कोपऱ्यात नेला, की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, आणि पॅड रात्रभर चालू राहतो. आत चिकटपट्टी लावून तो धरायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, सापाची कातडी सोलून निघते. प्रोब बाहेरच, पॅड आणि काच यांच्यामध्ये, उष्णता सोसणाऱ्या टेपने पक्का बसवा.

बाहेरचा आणि आतला आकडा मात्र सारखा नसतो. थर्मोस्टॅट 32 वर ठेवा, तीन तास थांबा, आतलं भुश्श्याचं अंथरूण बाजूला सारा आणि उघड्या काचेवर दुसऱ्या थर्मामीटरने मोजा. आत 30 भरलं तर बाहेर 34 लावा. मोजायचं उघड्या काचेवरच, कारण साप अंथरूण उकरून तिथपर्यंत पोचतोच.

एसटीसी-1000 हा थर्मोस्टॅट वापरत असाल तर त्यातलं एफ-2 सेटिंग म्हणजे पॅड बंद होण्याच्या आणि पुन्हा चालू होण्याच्या तापमानातला फरक, तो 0.5 ठेवा; एफ-4 ने दिसणाऱ्या आकड्यातली चूक दुरुस्त होते. त्याच्या मागचे स्क्रू 230 व्होल्टचे आणि उघडे असतात, तो बंद डबीतच हवा. रिलेचे, म्हणजे पॅड चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचचे, कॉन्टॅक्ट कधीकधी चालू स्थितीतच चिकटतात. त्यासाठी दुसरा थर्मोस्टॅट सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडून 3 अंश वर लावा. हा खर्च टाळू नका. व्होल्टेज 230 वरून 250 झालं की त्याच पॅडची उष्णता सुमारे 18 टक्के वाढते. थर्मोस्टॅटशिवाय पॅड लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

(भारतीय अजगर घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.)

आठवड्यातून एकदा साप हातात घेऊन पोट बघा. तांबूस किंवा तपकिरी पट्टा, फोड दिसला तर पॅडचा प्लग काढा, खोली उबदार ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. हळद, टूथपेस्ट काही लावू नका.