माझा अनुभव: दुसऱ्याचा सट्टा कॉपी केला आणि पगाराचं खातं चार महिने गोठलं

१४ मे २०२५, बुधवार. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये उभा होतो. बिल ६४० रुपये. यूपीआय तीनदा फेल गेलं. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, "सर्व्हर डाऊन असेल, उद्या द्या." पुढच्या चौकात एटीएममध्ये कार्ड टाकलं, तिथेही पैसे निघेनात. खात्यात ७१ हजार होते. रात्री बँकेच्या ॲपमध्ये खालच्या बाजूला दोन शब्द दिसले: डेबिट फ्रीज. म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणं बंद.

ते खातं १९ सप्टेंबरला उघडलं. मधल्या काळात मराठीत नीट सांगणारं कुणी सापडलं नाही, म्हणून हे लिहितोय. आणि त्या शाखेतल्या खुर्चीवर जे तास घालवले, त्यांचा राग अजून गेलेला नाही, हेही खरं.

आधी चूक माझी, ती सांगतो. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मार्चच्या शेवटी आयपीएल सुरू झालं तेव्हा कॅन्टीनमध्ये आम्ही पाच जण एका टेलिग्राम चॅनलवर होतो. चॅनल चालवणारा रोज टॉसनंतर 'आजचा डाव' टाकायचा. एका व्हॉट्सॲप नंबरवर मेसेज केला की 'आयडी' मिळायचा, म्हणजे साइटवरचं आपलं खातं. पैसे भरायचं खातं मात्र दर वेळी वेगळं. "आज ह्या खात्यात टाका", उद्या दुसऱ्याच कुणाचं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

साइटवर मॅच चालू असताना बाजूला एक यादी असायची. दहा नावं, प्रत्येकासमोर आठवड्याच्या कमाईचा हिरवा आकडा, त्याला किती जण फॉलो करतात तो आकडा आणि शेवटी 'कॉपी'चं बटण. बटण दाबलं की त्याने जे लावलंय तेच आपल्या पैशाने लागायचं. खाली चॅट सतत वाहत असायचं, 'सेशन पास', 'भाऊ आजपण मारलं', जिंकल्याचे स्क्रीनशॉट. हरलेला माणूस त्या चॅटमध्ये कधी दिसला नाही. मी एकटा घरात बसून सट्टा लावला असता असं मला वाटत नाही. पण हजारो जण तेच करतायत म्हटल्यावर ते सट्ट्यासारखं वाटतच नव्हतं. शेअर बाजारातल्या जाणत्या माणसाच्या मागे जावं तसं वाटायचं.

नंतर वहीत हिशोब मांडला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे भाव, म्हणजे एक रुपया लावून जिंकलं तर एकूण किती रुपये परत येतात तो आकडा. यादीतला माणूस १.९० ला लावतो, त्याचा डाव आपल्यापर्यंत येऊन आपण कॉपी करेपर्यंत भाव १.७८ झालेला असतो. १.९० ला शंभरातले ५३ डाव बरोबर आले तर जेमतेम निघतं. १.७८ ला ५७ लागतात. म्हणजे तो खरोखर हुशार असला आणि नफ्यात असला, तरी त्याच्या मागचा माणूस तोट्यात जाऊ शकतो. दुसरं म्हणजे ती यादी. हजार माणसांनी नाणं उडवून दहा-दहा डाव लावले तरी त्यातल्या एखाद्याचे दहाच्या दहा बरोबर येतात. तोच यादीत वर दिसतो आणि आपण त्याला गुरू मानतो.

शिवाय चॅनलवाल्याचा हिस्सा असतो. त्याच्या लिंकवरून आत आलेला माणूस जेवढा हरतो, त्यातली टक्केवारी त्याला मिळते. ही पद्धत परदेशातल्या परवानाधारक कंपन्यांमध्येही सर्रास आहे. मी हरलो की त्याची कमाई व्हायची, आणि मी त्याला रोज 'थँक यू भाऊ' लिहायचो.

महिन्याभरात मी ४६ हजार भरले. २७ एप्रिलला १८,४०० काढले, एकदाच. रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा इतका आनंद झाला की पाठवणाऱ्याचं नाव वाचूनही मी विचार केला नाही. नाव साइटचं नव्हतं, कुठल्या कंपनीचंही नव्हतं. एका अनोळखी माणसाच्या बचत खात्यातून ते पैसे आले होते.

खातं गोठलं ते त्या १८,४०० मुळे.

१५ मे. शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "सायबरचं आहे, वरून आलंय, आम्ही काही करू शकत नाही." कुठल्या पोलिसांचं? "ते आम्हाला दिसत नाही." किती रकमेसाठी? "ते पण नाही." मग मी कुणाला भेटू? "तुम्ही सायबरला जा." शहरातल्या सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारसाहेबांनी मात्र पाच मिनिटं देऊन समजावलं. तक्रार दुसऱ्या राज्यात नोंदलेली असणार, तिचा पावती क्रमांक बँकेकडे असतोच, तो घेऊन या, त्याशिवाय इथे काही दिसणार नाही. परत शाखेत. "साहेब मीटिंगला आहेत." १६ तारखेला साहेब होते. "हेड ऑफिसला मेल केलाय." १९ ला तेच, २२ ला तेच. दर वेळी अर्धा दिवस रजा. रांगेत माझ्यासारखाच एक भाजीवाला होता, त्याला तर कुणा गिऱ्हाइकाने यूपीआयने दिलेल्या १,२०० रुपयांवरून अडकवलं होतं. सट्ट्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

सुटलो ते लेखी अर्जामुळे. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, तोंडी विचारणं बंद करा. अर्जात चार गोष्टी मागा: सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरचा तक्रारीचा पावती क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि ईमेल, वादातली रक्कम, आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक. दोन प्रती न्या, एकीवर इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्या. शिक्का मारायलाही टाळाटाळ झाली, मी काउंटरवरून हललो नाही. अर्जाच्या शेवटी एक वाक्य होतं, तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करीन. दोन दिवसांनी, २८ मे रोजी, त्याच मॅडमनी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर पेन्सिलने चारही गोष्टी लिहून दिल्या. दोन आठवडे जे 'दिसत नव्हतं' ते त्यांच्या स्क्रीनवरच होतं. ती स्लिप मी जपून ठेवली आहे.

इथे एक फरक समजून घ्या, मला तो फार उशिरा समजला. पूर्ण डेबिट फ्रीज वेगळं आणि लीन वेगळा, लीनमध्ये फक्त ठराविक रक्कम अडकते, बाकी खातं चालू राहतं. माझ्या बाबतीत वाद १८,४०० चा होता, पण अडकले ७१ हजार, वर मे महिन्याचा पगारही त्यातच जाऊन बसला. खात्यात पैसे येतात, बाहेर मात्र जात नाहीत. पोलिसांना खातं थांबवायचा अधिकार आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६, पूर्वीचं सीआरपीसी १०२. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितलं होतं की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली, तेवढ्यापुरतंच थांबवा. हा निकाल आपल्या राज्यात बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख करा. मी केला, तेव्हा बँकेने निदान उत्तर तरी लेखी दिलं.

पोलीस ठाणं दक्षिणेतल्या एका राज्यातलं निघालं. लँडलाइन वाजत राहायची. ईमेलला उत्तर आलं २४ जूनला: पाठवणाऱ्याशी तुमचा काय संबंध, हे पुराव्यासह कळवा.

काय कळवणार? मी त्या माणसाला ओळखत नव्हतो. साइटच्या चॅटवर विचारलं, 'डियर सर, प्लीज वेट' एवढंच. चॅनलवाल्याला लिहिलं, त्याने त्याच मिनिटाला ब्लॉक केलं. कॅन्टीनमधल्या एकाचंही खातं गोठलं होतं. त्याने 'जुना मोबाइल विकला, त्याचे पैसे' असं लिहून दिलं होतं, कारण त्याला तसं कुणीतरी सुचवलं होतं. पोलिसांनी बिल मागितलं, त्याच्याकडे नव्हतं. त्याचं अजून चालू आहे. कृपा करून खोटं लिहू नका. मी वकिलांना विचारून खरं ते लिहिलं: साइट, आयडी, किती भरले, किती काढले, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, त्यात त्या एका नोंदीवर पिवळी खूण, पैसे काढल्याचा स्क्रीनशॉट, पॅन, आधार. ते पत्र लिहायला मला तीन रात्री लागल्या. बायकोला सगळं सांगितलं ते त्यातल्या दुसऱ्या रात्री.

स्क्रीनशॉटवरून आठवलं. साइटवरचं खातं चालू असताना सगळं साठवून ठेवा. साइटने माझा आयडी जूनमध्ये बंद केला, तोवर मी फोटो काढून ठेवले होते म्हणून निभावलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपास अधिकाऱ्यांचा फोन आला. हिंदीत बोलले, आवाज शांत. तक्रारदार एक निवृत्त शिक्षिका आहेत. 'घरबसल्या काम' म्हणून कुणीतरी त्यांच्याकडून ३ लाख २० हजार काढून घेतले. ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले आणि त्या तिसऱ्यातून माझ्याकडे १८,४०० आले. या धंद्यात आयडीवाले असंच करतात, एकाला फसवून आणलेला पैसा दुसऱ्याच्या जिंकण्यापोटी देऊन टाकतात. मी ज्याला कमाई म्हणून घरी पेढे आणले होते, ती त्या बाईंची पेन्शन होती. माझे वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या पेन्शनचा मेसेज येतो तेव्हा ते चष्मा लावून तो दोनदा वाचतात. मी फोनवरच साहेबांना सांगितलं, ते पैसे त्यांना द्या, माझा दावा नाही. त्यांनी तसं संमतीपत्र मागितलं. रक्कम न्यायालयामार्फत परत जाईल आणि बाकी खातं मोकळं करायला ते बँकेला कळवतील, असं ठरलं.

२२ जुलैला त्यांचं ना-हरकत पत्र बँकेला ईमेलने गेलं, मला प्रत आली. मला वाटलं संपलं. त्यानंतर शाखेने आठ आठवडे घेतले.

"मेल शाखेला आलाय, नोडल ऑफिसरला यायला पाहिजे." नोडल ऑफिसर म्हणजे पोलिसांशी पत्रव्यवहार बघणारा बँकेचा अधिकारी. तसं पुन्हा पाठवून घेतलं. "पत्रात खाते क्रमांकाचा एक आकडा चुकलाय." खरंच चुकला होता, पण हे सांगायला त्यांना अठरा दिवस लागले. दुरुस्त पत्र मागितलं तोवर गणपती आले आणि तपास अधिकारी बंदोबस्तात गेले. २७ ऑगस्टला घरी गणपती बसला तो मेहुण्याकडून उसने घेतलेल्या पैशांवर. आरतीला उभा होतो आणि डोक्यात त्या नोडल डेस्कचा नंबर फिरत होता. त्याच आठवड्यात ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याची चर्चा सगळीकडे होती, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली होती. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. कॅन्टीनमधल्या एकाने दाखवलं, आमचं ते चॅनल नव्या नावाने चालूच होतं, 'जुने मेंबर इकडे या' म्हणून.

शेवटी ९ सप्टेंबरला मी लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पहिल्या अर्जाची पोच आणि दोन्ही पत्रं जोडली. दहा दिवसांनी खातं उघडलं. शाखेतून फोनही आला नाही, सकाळी ॲपमध्ये ते दोन शब्द नव्हते एवढंच. मी एटीएमवर जाऊन ५०० रुपये काढून बघितले. हातात नोट आल्यावर तिथेच भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिलो.

एचआरला लगेच सांगून पगाराचं खातं बदलून घ्या. आमच्याकडे २० तारखेच्या आत अर्ज लागतो. मी लाजेने जूनभर सांगितलं नाही, म्हणून दुसराही पगार आत गेला.

आणि घराचा हप्ता. माझा ऑटो डेबिट त्याच खात्याला जोडलेला होता, जून आणि जुलै दोन्ही बाउन्स झाले, प्रत्येकी ५९० रुपये दंड आणि सिबिलवर नोंद. लोनच्या ऑफिसात जाऊन बायकोच्या खात्याचा चेक दिला असता तर चाललं असतं, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. तुमचं खातं आज गोठलं असेल तर अर्ज उद्या लिहा, आज आधी तिथे फोन करा.